चार हॅस्केल प्रकल्प शेजारी ठेवून: वाचनाच्या नोंदी

३ जून

अभ्यासगटाने या पावसाळ्यात हॅस्केल या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेतला एखादा खरा, लोकांच्या रोजच्या वापरातला मुक्तस्रोत प्रकल्प मुळापासून वाचायचं ठरवलं आहे. छोटी उदाहरणं करून झाली, याद्यांवर चालणारी मॅप-फोल्ड ही फंक्शनं सगळ्यांच्या हातात बसली, मोनॅडची (क्रिया एकामागून एक जोडायच्या रचनेची) धास्तीही बऱ्यापैकी गेली. आता पुढचा प्रश्न समोर आहे. वीस ओळींचं सुबक फंक्शन लिहिणं वेगळं आणि दहा-पंधरा वर्षं टिकलेला, बाहेरच्या लोकांनी हातभार लावलेला प्रकल्प उभा करणं वेगळं. त्या दुसऱ्या कामात ही भाषा नेमकी कुठे उपयोगी पडते, ते पाहायचं आहे. कोणता प्रकल्प घ्यायचा हे सुचवायची जबाबदारी माझ्याकडे आली, म्हणून या नोंदी.

पहिली यादी: पँडॉक (मजकुराचा फॉरमॅट बदलणारा), शेलचेक (शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारा), एक्समोनॅड (विंडो मॅनेजर, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या मांडणारा), एचलेजर (जमाखर्च ठेवणारा), गिट-अ‍ॅनेक्स (मोठ्या फाइली गिटने सांभाळणारा), पोस्टग्रेस्ट (पोस्टग्रेस डेटाबेसवरून वेब एपीआय देणारा), डार्क्स (कोडमधले बदल नोंदून ठेवणारा).

यातले तीन आजच बाजूला ठेवले. पोस्टग्रेस्ट वाचायचं तर पोस्टग्रेस आतून-बाहेरून माहीत हवं. गटातल्या निम्म्या लोकांचा वेळ हॅस्केलपेक्षा एसक्यूएलवरच जाईल. गिट-अ‍ॅनेक्स मला स्वतःला फार प्रिय आहे. जोई हेस २०१० पासून तो ज्या निष्ठेने सांभाळतो आहे त्याला तोड नाही. पण फाइल सिस्टम, गिट, दूरचे सर्व्हर यांच्याशी त्याचा इतका व्यवहार चालतो की नवख्याला प्युअर (बाहेरच्या जगाला हात न लावणारा) भाग शोधायलाच वेळ लागेल. डार्क्समध्ये आधी पॅचचा सिद्धान्त समजून घ्यावा लागतो, कोड नंतर. तो विषय वेगळ्या पावसाळ्याचा.

उरले चार.

६ जून

तुलना कशाच्या आधारावर करायची, यावर आज विचार केला. गिटहबचे तारे मोजले तर शेलचेक आणि पँडॉक हॅस्केलच्या जगात अगदी वर दिसतात, पण त्यावरून वाचनाबद्दल काहीच कळत नाही. ओळी मोजणंही तसंच. एक्समोनॅडची ख्यातीच मुळी हजाराहून कमी ओळींतला विंडो मॅनेजर अशी झाली, पण त्या ओळींमध्ये जे दाटलेलं आहे ते पाहता 'छोटा म्हणून सोपा' असं म्हणता येत नाही.

तीन प्रश्न नक्की केले. प्रत्येक प्रकल्पाला हेच विचारायचे. एक, सगळा कोड ज्या टाइपभोवती, म्हणजे माहितीच्या ठरलेल्या साच्याभोवती, फिरतो तो मधला टाइप कोणता? दोन, बाहेरच्या जगाशी, म्हणजे फाइल, स्क्रीन, नेटवर्कशी बोलणं कुठे सुरू होतं आणि ती सीमा कशी आखली आहे? तीन, बदल करताना काही राहून गेलं तर ते कोण सांगतं: कंपाइलर, टेस्ट, की वापरणारा माणूस?

लायसन्सही पाहून ठेवले, कारण गटातल्या काहींना नोकरीच्या ठिकाणी परवानगी काढावी लागते. एक्समोनॅड तीन कलमी बीएसडी, बाकीचे तिन्ही जीपीएल कुळातले: पँडॉक दोन किंवा त्यापुढची आवृत्ती, शेलचेक तीन, एचलेजर तीन किंवा पुढची.

१० जून

एक्समोनॅडपासून सुरुवात. २००७ मध्ये स्पेन्सर जॅन्सन, डॉन स्टुअर्ट आणि जेसन क्रेटन यांनी सुरू केलेला. सी भाषेतल्या डीडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरवरून प्रेरणा घेतलेली.

मधला टाइप स्टॅकसेट, आणि तोच या प्रकल्पाचा गाभा. एका वर्कस्पेसमधल्या खिडक्या तो साध्या यादीत ठेवत नाही. फोकस असलेली खिडकी वेगळी, तिच्या वरच्यांची एक यादी, खालच्यांची एक यादी. यालाच झिपर म्हणतात. वरच्यांची यादी उलट्या क्रमाने ठेवलेली असते, त्यामुळे फोकस एक घर वर न्यायचा तर दोन्ही याद्यांची टोकंच हलवायची, बाकी काही नाही. वर्कस्पेस रिकामा असला तर हा झिपरच नसतो. 'मेबी' (असेल किंवा नसेल) या टाइपमधला 'नथिंग' असतो. याचा परिणाम फार मोलाचा आहे: 'खिडक्या आहेत पण फोकस एकीवरही नाही' अशी अवस्था या टाइपमध्ये लिहिताच येत नाही. दुसऱ्या भाषेतल्या विंडो मॅनेजरमध्ये ज्यासाठी ठिकठिकाणी इफ लिहावा लागतो, ती अवस्था इथे जन्मालाच येत नाही.

सीमाही तितकीच स्वच्छ. 'विंडोज' नावाचं एक फंक्शन आहे. त्याला आपण स्टॅकसेटवरून स्टॅकसेट देणारं प्युअर फंक्शन द्यायचं. ते जुनी आणि नवी अवस्था पाहतं आणि कोणती खिडकी दाखवायची, कोणती लपवायची, कोणाचा आकार बदलायचा, हे एक्स सर्व्हरला, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या काढणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगतं. फोकस बदलणं, खिडक्यांची अदलाबदल, वर्कस्पेस बदलणं, सगळं याच एका दारातून जातं.

टेस्ट पाहताना मन लावून बसलो. क्विकचेक ही टेस्टची लायब्ररी इथे खऱ्या अर्थाने वापरली आहे. यंत्राने मनाला येईल तसे स्टॅकसेट बनवायचे आणि प्रत्येकावर नियम तपासायचे: फोकस वर नेऊन खाली आणला तर मूळ अवस्था परत यायला हवी, कोणत्याही क्रियेनंतर एकच खिडकी दोनदा दिसता कामा नये. वाउटर स्विएरस्ट्राने २०१२ मध्ये हेच मॉड्यूल कॉक या प्रूफ असिस्टंटमध्ये (गणिती सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लिहून, तिथून काढलेला हॅस्केल कोड मूळ मॉड्यूलच्या जागी बसवून दाखवला. तसं करता आलं, कारण ते मॉड्यूल बाहेरच्या जगाला स्पर्शच करत नाही.

अडचण एकच, पण मोठी आहे. हे सगळं एक्स ११ या खिडक्यांच्या जुन्या व्यवस्थेसाठी आहे आणि गटातल्या बहुतेकांच्या लॅपटॉपवर एक तर वेलँड ही नवी व्यवस्था आहे किंवा लिनक्सच नाही. स्वतः चालवून पाहता येत नसेल तर उत्साह किती टिकेल? स्टॅकसेटचं मॉड्यूल मात्र सुटं वाचता येतं, ते घ्यायचंच.

१४ जून

शेलचेक. विदार होलेन यांनी २०१२ च्या सुमारास सुरू केलेला, शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारा. आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने हा वापरला आहे, हॅस्केलमध्ये आहे हे माहीत नसताना.

मधला टाइप टोकन, म्हणजे स्क्रिप्टचं वाक्यरचनेचं झाड. प्रत्येक गाठीला एक ओळखक्रमांक, आणि क्रमांकावरून मूळ फाइलमधली जागा शोधायचा तक्ता वेगळा. पार्सर, म्हणजे मजकूर वाचून हे झाड बनवणारा भाग, पार्सेक या लायब्ररीवर उभा आहे आणि तो एकच फाइल मिळून हजारो ओळींचा आहे. बॅशचं व्याकरण इतकं वेडंवाकडं आहे की त्याला इलाज नाही असं वाचल्यावर पटतं. पार्सर आम्ही शेवटी वाचू.

आधी वाचायच्या त्या तपासण्या. प्रत्येक तपासणी म्हणजे एक फंक्शन: काही माहिती आणि झाडाची गाठ घ्यायची, इशारे परत द्यायचे. फाइल वाचणं नाही, स्क्रीनवर लिहिणं नाही. एक तपासणी नीट पाहिली, एससी२१६४. स्क्रिप्टमध्ये 'सीडी' (डिरेक्टरी बदलायची कमांड) करून पुढे लगेच 'आरएम' (फाइली पुसायची कमांड) केलं आणि ती डिरेक्टरी अस्तित्वातच नसली, तर 'आरएम' भलत्याच जागी चालतं. कित्येक सर्व्हरवरचा डेटा असाच गेला असेल. तपासणीच्या अगदी डोक्यावर टेस्ट लिहिलेल्या आहेत, एकेक ओळीच्या. पहिली म्हणते: सीडी आणि मग आरएम, इशारा यायलाच हवा. दुसरी: सीडी जमलं नाही तर एक्झिट असं लिहिलं असेल तर इशारा नको. तिसरी: वर 'सेट वजा ई' (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबव) असेल तरी नको. चौथी: सीडी हीच इफची अट असेल तरी नको.

या चार ओळी वाचल्या की खालचं फंक्शन काय करणार हे आधीच कळतं. नियम, अपवाद आणि कोड एकाच पडद्यावर. नव्या माणसाला वाचायला देण्यासाठी याहून चांगली मांडणी मी पाहिलेली नाही. इथेही क्विकचेकच वापरलं आहे, पण वेगळ्या तऱ्हेने: यादृच्छिक इनपुट नाही, प्रत्येक नियम म्हणजे एक ठरलेलं हो-नाही उत्तर. एक्समोनॅडशी तुलना करायला हा मुद्दा उत्तम.

१५ जून

कालचंच पुढे. शेलचेकची सीमा कशी आखली आहे ते पाहिलं. स्क्रिप्टमध्ये 'सोर्स' ने दुसरी फाइल ओढली असेल तर ती वाचावी लागते, म्हणजे बाहेरच्या जगाची गरज आहेच. त्यासाठी 'सिस्टमइंटरफेस' नावाचा एक रेकॉर्ड आहे. त्यात फाइल कशी वाचायची, कशी शोधायची, कॉन्फिग कुठून आणायचा ही फंक्शनं भरलेली असतात, आणि ती कोणत्या मोनॅडमध्ये चालतील हे मोकळं सोडलेलं आहे. खरं चालवताना खरी फाइल सिस्टम द्यायची, टेस्टमध्ये खोटी. कोणताही टाइपक्लास (अनेक टाइपांसाठी ठरवलेला फंक्शनांचा सामाईक संच) नाही, कोणतीही नवी लायब्ररी नाही, फक्त फंक्शनांनी भरलेला एक रेकॉर्ड.

१८ जून

गटात आज या दोघांबद्दल सांगितलं. एका सहकारी ताईंनी विचारलं, "शेल भाषेत उद्या नवीन काही आलं आणि टोकनमध्ये नवा कन्स्ट्रक्टर, म्हणजे गाठीचा नवा प्रकार, घातला, तर या शेकडो तपासण्यांचं काय होईल?" प्रश्न फार नेमका होता. उत्तर शोधलं: काहीच होत नाही. बहुतेक तपासण्यांच्या शेवटी 'बाकी कशाशी माझा संबंध नाही' अशी ओळ असते. झाड फिरून येणारा कोड हाताने लिहिलेला नाही, तो हॅस्केलच्या ट्रॅव्हर्सेबल या टाइपक्लासमधून आपोआप मिळतो. नवी गाठ आली तरी सगळं कंपाइल होतं आणि पूर्वीसारखं चालतं. याचीच दुसरी बाजू अशी की एखादी तपासणी त्या नव्या गाठीकडे पाहायला हवी होती आणि राहून गेली, तर कंपाइलर चकार शब्द काढत नाही. ते टेस्टनेच पकडायचं.

पँडॉकमध्ये याच्या बरोबर उलट असणार असा अंदाज आहे.

२२ जून

अंदाज खरा ठरला.

पँडॉक २००६ पासून आहे. लिहिणारे जॉन मॅकफार्लेन बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. रचना प्रसिद्धच आहे: प्रत्येक फॉरमॅटचा रीडर मजकूर एका मधल्या टाइपमध्ये आणतो, प्रत्येक रायटर तिथून बाहेर काढतो. त्यामुळे मार्कडाउनवरून वर्ड, लॅटेकवरून एचटीएमएल, अशा एकेका जोडीसाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही. मधला टाइप दोन पातळ्यांचा: ब्लॉक, म्हणजे परिच्छेद, शीर्षक, यादी, तक्ता, आणि इनलाइन, म्हणजे शब्द, ठळक अक्षरं, दुवा, चित्र. हा टाइप मुद्दाम वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवला आहे, कारण त्यात बदल झाला की सगळ्या जगावर परिणाम होतो.

तो परिणाम पाहायला आकृतीचं उदाहरण घेतलं. पूर्वी मथळा असलेल्या आकृतीसाठी कन्स्ट्रक्टरच नव्हता. ज्या परिच्छेदात एकटं चित्र आहे आणि चित्राच्या शीर्षकाची सुरुवात 'फिग' आणि अपूर्णविराम यांनी होते, ती आकृती समजायची असा संकेत होता. म्हणजे टाइप जे सांगू शकत नव्हता ते एका स्ट्रिंगच्या पोटात लपवलं होतं. प्रत्येक रायटरला ते लक्षात ठेवून तपासावं लागे, आणि विसरलं तर कंपाइलरला कळायचा मार्ग नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पँडॉक ३.० आलं आणि 'फिगर' हा स्वतंत्र ब्लॉक झाला. ज्या रायटरमध्ये त्याची दखल घेतलेली नाही तिथे आता पॅटर्न अपुरा असल्याचा इशारा येतो. एकेक फाइल उघडून उत्तर द्यावं लागतं: या फॉरमॅटमध्ये आकृती म्हणजे काय? काम खूप, पण निसटत काही नाही.

शेलचेकमध्ये नवी गाठ शांतपणे येते, पँडॉकमध्ये नवा ब्लॉक सगळ्यांना उठवतो. दोन्ही बरोबर आहेत. शेलचेकची तपासणी 'मला हवं तेवढंच बघते' अशी आहे, पँडॉकचा रायटर 'मला सगळं छापायचं आहे' असा आहे. ही एक गोष्ट गटाला नीट समजली तरी हा पावसाळा सत्कारणी लागला असं मी म्हणेन.

२३ जून

पँडॉकची सीमा. २०१७ मध्ये २.० पासून 'पँडॉकमोनॅड' हा टाइपक्लास आला. रीडर-रायटर त्याच्यावर लिहिलेले. खरं चालवताना आयओवाला (बाहेरच्या जगाशी खरोखर बोलणारा) प्रकार, आणि दुसरा 'पँडॉकप्युअर', ज्यात वेळ, यादृच्छिक आकडे, फाइल सिस्टम, सगळं आपण दिलेल्या स्थितीतून येतं. लॅटेकमध्ये दुसरी फाइल आत घेण्याची आज्ञा असली तरी पँडॉकप्युअरमध्ये तो कोड खऱ्या डिस्कला हात लावू शकत नाही. बाहेरच्या कुणीही दिलेला मजकूर सर्व्हरवर रूपांतरित करायचा असेल तर ही हमी फार मोठी आहे, आणि ती टाइपने दिलेली आहे.

शेलचेकने जे रेकॉर्डने साधलं ते इथे टाइपक्लासने. मला व्यक्तिशः रेकॉर्ड आवडतो. समोर काय चाललंय ते दिसतं. पण पँडॉकएवढ्या पसाऱ्यात प्रत्येक फंक्शनला रेकॉर्ड देत बसणं जड गेलं असतं हेही खरं.

बिल्ड मात्र दमवतं. डिपेंडन्सींची रांग लांबलचक आहे आणि आठ जीबीच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा बिल्ड करायचं तर दुसरं काही उघडं ठेवू नये. गटातल्या विद्यार्थ्यांचा विचार करता हा मुद्दा नजरेआड करता येत नाही. चांगली बाजू अशी की टेस्टमध्ये भर घालायला हॅस्केल आलंच पाहिजे असं नाही: 'कमांड' नावाच्या फोल्डरमध्ये मार्कडाउनच्या फाइली आहेत, कितीतरी इश्यूच्या क्रमांकाच्या नावाने. आत कमांड, इनपुट आणि अपेक्षित आउटपुट. एखादी त्रुटी दिसली तर अशी फाइल लिहून देणं हेच पहिलं योगदान होऊ शकतं.

(मराठी मजकुराची पीडीएफ करताना डीफॉल्ट पीडीएफलॅटेक देवनागरीला पुरत नाही. झीलॅटेक किंवा लुआलॅटेक निवडायचं आणि मेनफाँटला देवनागरी फाँट द्यायचा. गटात दोघांनी विचारलं होतं म्हणून इथे लिहून ठेवतो.)

२९ जून

एचलेजर. सायमन मायकल यांनी २००७ मध्ये, जॉन विग्ली यांच्या सी प्लस प्लसमधल्या लेजरवरून स्फूर्ती घेऊन सुरू केलेला. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जमाखर्च लिहायचा, प्रत्येक व्यवहाराची बेरीज शून्य आली पाहिजे. नावे-जमा अशी दोन सदरं नाहीत, अधिक-उणे चिन्हं आहेत. खात्यांची नावं देवनागरीत लिहिली तरी चालतात, मी 'खर्च:किराणा' पासूनच सुरुवात केली.

मधला टाइप जर्नल, त्यात व्यवहार, व्यवहारात पोस्टिंग (एकेका खात्याची नोंद), पोस्टिंगमध्ये रक्कम. रक्कम फ्लोटमध्ये (अंदाजे साठवल्या जाणाऱ्या दशांश आकड्यांत) नाही, डेसिमल लायब्ररीत: एक कितीही मोठा पूर्णांक आणि दशांशाची किती स्थळं, एवढंच. पैशाला हेच योग्य.

आजचा बहुतेक वेळ मात्र एका छोट्या कोपऱ्यात गेला, आणि तो सत्कारणी लागला. कुणी '१,०००' लिहिलं तर ते एक हजार की एक दशांश शून्य शून्य शून्य? युरोपात बऱ्याच ठिकाणी स्वल्पविराम हेच दशांशचिन्ह. फक्त हा आकडा पाहून उत्तर देता येत नाही, आणि एचलेजरच्या पार्सरमध्ये ते तसंच्या तसं लिहिलेलं आहे. आकडा वाचणारं फंक्शन 'आयदर' परत देतं: एका बाजूला 'संदिग्ध आकडा', दुसऱ्या बाजूला 'स्पष्ट आकडा'. संदिग्ध आकडा हा स्वतंत्र टाइप आहे: आधीचे अंक, मधलं चिन्ह, नंतरचे अंक. तो तसाच पुढे वापरता येत नाही. दुसरं एक फंक्शन चलनाची जाहीर केलेली शैली हाताशी असेल तर ती पाहून निवाडा करतं, तेव्हाच तो खरा आकडा होतो. शैली सांगितलेलीच नसेल तर एकटं चिन्ह दशांशाचं समजलं जातं. म्हणजे किराण्याचे १,२५० रुपये कॉमोडिटीची (चलनाची शैली जाहीर करणारी) ओळ न लिहिता टाकले तर ते सव्वा रुपया होतील. रुपयात हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाने ती ओळ फाइलच्या डोक्यावर लिहावी.

आणि ती ओळ लिहायला मॅन्युअलमध्ये आपलंच उदाहरण दिलेलं आहे: आयएनआर, हजार-लाख-कोटींचे स्वल्पविराम, १,००,००,०००.००. हे चालतं कारण अंकांच्या गटांचा टाइप 'तीन-तीनचे गट' असं गृहीत धरत नाही. त्यात एक चिन्ह आणि गटांच्या आकारांची यादी असते, दशांशाच्या जवळून मोजायची, आणि यादीतला शेवटचा आकार पुढे तसाच चालू राहतो. इंग्रजी पद्धतीला यादीत फक्त तीन, आपल्या पद्धतीला तीन आणि मग दोन. लाख-कोटींसाठी वेगळा इफ कुठेही नाही. किती सॉफ्टवेअर आपल्या रकमा तीन-तीनने तोडून दाखवतात ते आठवलं, आणि इथे एका यादीने तो प्रश्न मिटवला आहे. गटाला हे दाखवायला मी उत्सुक आहे.

२ जुलै

एचलेजरची उरलेली दोन उत्तरं. सीमेबाबत तो चौघांत सर्वांत साधा आहे: मोनॅडांची मोठी उतरंड नाही, फाइल वाचणं एका टोकाला, अहवाल बनवणं प्युअर, छापणं दुसऱ्या टोकाला. गाभा 'एचलेजर-लिब' मध्ये, आणि त्यावर कमांड लाइन, टर्मिनल आणि वेब असे तीन चेहरे. टेस्टपैकी पुष्कळशा प्रोग्रॅम बाहेरून चालवून आउटपुट ताडून पाहणाऱ्या आहेत, त्याच लेखकाच्या शेलटेस्टरनरने. कोडची शैली प्रयत्नपूर्वक साधी ठेवलेली दिसते. टाइप पातळीवरचे चमत्कार नाहीत. हॅस्केल शिकणाऱ्याला त्याचा आधार वाटतो, आणि नव्या माणसाशी बोलण्याची त्या प्रकल्पाची पद्धतही तशीच आहे, दस्तऐवज अतिशय काळजीने लिहिलेले.

५ जुलै

शिफारस गटाला पाठवली.

सुरुवात शेलचेकच्या तपासण्यांपासून, कारण एक फंक्शन आणि त्याच्या चार टेस्ट एका बैठकीत पूर्ण होतात. मग एचलेजर, मुख्य वाचन तेच: रकमेचा पार्सर, शिल्लक जुळवणं, मग अहवाल. मध्ये एक बैठक एक्समोनॅडच्या स्टॅकसेटला, प्रोग्रॅम न चालवता, फक्त घीसीआयमध्ये (हॅस्केलची एकेक ओळ चालवून पाहायच्या साधनात) ते मॉड्यूल उघडून. पँडॉक शेवटी, पूर्ण नाही: फक्त मधला टाइप, एक छोटा रायटर, आणि 'फिगर' च्या वेळी झालेले बदल.

पँडॉक आधी घ्यावं असं दोघांचं म्हणणं आलं, ते रोज वापरतात म्हणून. त्यांना लिहिलं आहे की बिल्डची तयारी आत्तापासून करून ठेवा, तोवर हवं तर 'कमांड' फोल्डरमधल्या टेस्ट वाचायला घ्या. पहिल्या बैठकीसाठी प्रत्येकाने आपल्या कामातली एक जुनी शेल स्क्रिप्ट आणायची आहे. शेलचेकने तिच्यावर दिलेला एखादा इशारा निवडायचा आणि तो देणारं फंक्शन कोडमध्ये शोधून यायचं.